पूजेला लावलेला टॉर्क रेंच

डिफरन्शियलचं कव्हर सोडलं तसं काळं तेल ट्रेमध्ये आलं आणि तेलाबरोबर एका बोल्टचं तुटलेलं डोकं. बसण्णानं ते चिंधीनं पुसलं, उजेडात धरलं.

"अण्णा, हे क्राउनचं बोल्ट."

मी ट्रे बाजूला सरकवून आत पाहिलं. आत आणखी दोन बोल्ट तुटलेले होते. उरलेले हातानं फिरत होते. एकूण दहा. महिन्यापूर्वी ते दहाही मीच आवळले होते. बाहेर गाडी उभी होती, टप चेपलेली. गाडीच्या मालकीणबाई हॉस्पिटलात होत्या, उजव्या हाताची दोन ऑपरेशनं होऊन.

मी आधी धारवाडजवळ बेलूरला एका कारखान्यात अ‍ॅक्सल असेंब्लीवर होतो. नोकरी सोडून हुबळीत स्वतःचं वर्कशॉप टाकलं. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, एवढंच काम. बसवराज म्हणजे आमचा बसण्णा पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर आहे. वीस वर्षं झाली.

गाडीच्या मालकीण डॉक्टरबाई, धारवाडातल्या केलगेरीच्या. सरकारी नोकरीतून रिटायर झालेल्या, बाळंतपणाच्या डॉक्टर. आठवड्यातून तीन दिवस नवलगुंदकडच्या खेड्यांत जाऊन गरोदर बायकांना तपासायच्या, अडलेल्या बाईला सोडवायच्या. गाडी स्वतः चालवायच्या. तिकडची जमीन काळी. पाऊस झाला की रस्ता चाकाला लागूनच येतो. सप्टेंबरात एका अडलेल्या बाईकडे जाताना त्यांची ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी दीड तास चिखलात रुतली. त्या पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या.

"चारही चाकांना ताकद जाते म्हणून ही गाडी घेतली, मिलिंद. मग एकच चाक का फिरत बसतं?"

मी त्यांना सांगितलं तेच इथे सांगतो. वळण घेताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच वेगानं फिरली तर टायर घासतील. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देतं. पण त्याची एक खोड आहे. ज्या चाकाला अडथळा कमी, ते चाक फिरत सुटतं. चिखलात घसरणारं चाक गरगरतं आणि कोरड्यावरचं चाक गप्प उभं राहतं. यावर उपाय लिमिटेड-स्लिप युनिटचा. त्यात क्लचसारख्या प्लेट्स असतात. एक चाक उधळलं की त्या दोन्ही चाकांना बांधून धरतात.

"घाल तर मग. पण लवकर घाल, तिथे एक बाई नववा संपवतेय."

युनिट बाहेरून मागवलं. बसण्णानं गाडी वर घेऊन जुनं डिफरन्शियल उतरवून ठेवलं. कुरिअर उशिरा आलं, नेमकं खंडेनवमीला, दुपारी दोनला. इकडे त्या दिवशी आयुधपूजा. सकाळीच पोरांनी सगळे पाने धुऊन, तेल लावून लाल कापडावर मांडले होते. विभूती, कुंकू, झेंडू. बाहेर कोहळा फुटला, प्रसाद वाटला, सगळे घरी गेले. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही, अशी रीत. टॉर्क रेंच मधोमध होता. बसण्णा त्याला आमच्या हत्यारांतला राजा मानतो.

टॉर्क रेंच म्हणजे ताकद मोजणारा पाना. बोल्ट किती आवळायचा याचा आकडा ठरलेला असतो. तो आकडा आला की पाना कट्ट करून सांगतो. क्राउन व्हील, म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक, नव्या युनिटवर दहा बोल्टांनी बसतं. ते बोल्ट या पान्याशिवाय आवळायचे नाहीत. कारखान्यात मी हे नव्या माणसांना शिकवायचो.

आम्ही बौद्ध. मी पूजा करत नाही, कुणाला करू नको असंही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम होता आणि व्यवस्था माझ्याकडे होती. बाईंना दसऱ्याला सकाळीच निघायचं होतं. वर्कशॉपमध्ये मी एकटा. कपाटात जुने सॉकेट होते, फट मापायचा डायल गेज होता. फक्त टॉर्क रेंच त्या लाल कापडावर होता.

मी कापडापर्यंत गेलो आणि परत आलो. मालकाला आपल्या पूजेची किंमत नाही, असं उद्या कुणी म्हणायला नको. खरं कारण त्याच्याही खालचं आहे. "हे शिवले, विटाळ झाला" हे शब्द मी लहानपणी ऐकले आहेत. स्वतःच्या वर्कशॉपमध्ये ते पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती.

बोल्ट सुटू नयेत म्हणून लॉकिंग लिक्विड लावलं आणि ते साध्या हँडलनं आवळले. इतक्या वर्षांचा हात आहे, म्हटलं, चुकणार नाही. दातांमधली फट मापून घेतली, ती बरोबर आली. संध्याकाळी बाई गाडी घेऊन गेल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, मुलगी झाली, दोघी ठीक. चिखलातून गाडी सरळ निघाली म्हणाल्या. त्या दिवशी मी फार खूश होतो.

नवीन युनिटचं पहिलं तेल लवकर बदलतात. त्यासाठी गाडी आली तेव्हा मी तिथेच होतो. कव्हर काढून बोल्ट तपासायला दोन तास लागले असते. पण का तपासायचे, हे बसण्णाला सांगावं लागलं असतं. बसण्णानं ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा चुरा दाखवला. "जास्त वाटतंय की, अण्णा."

"नव्या प्लेट्स आहेत. झिजणारच," मी म्हणालो.

असा चुरा पडतो हेही खरं आहे, म्हणून माझं खोटं खपलं. आठ दिवसांनी अण्णिगेरीच्या अलीकडे मोकळा झालेला बोल्ट दातांत सापडला आणि मागची दोन्ही चाकं जाम झाली. गाडी फिरली आणि शेतात उलटली.

पंचनाम्यात आलं, "ताबा सुटला." बाईंनाही तेच वाटत होतं. आपलं वय झालं, वेग जास्त होता, असं त्या भेटायला येणाऱ्यांना सांगत होत्या.

ट्रे समोर ठेवून मी बसण्णाला सगळं सांगितलं. त्यानं ट्रेवर चिंधी टाकली. मग म्हणाला, "बिडरि अण्णा. सोडा. सांगून हात परत येतो काय?"

त्यालाच गाडी चालवायला सांगून मी हॉस्पिटलात गेलो. तुटलेलं डोकं खिशात होतं. ते बाईंच्या कॉटवर ठेवलं आणि सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं ते उचललं.

"ऑपरेशन संपलं की सिस्टर बोळे मोजते," त्या म्हणाल्या. "हिशेब जुळल्याशिवाय मी टाका घालत नाही. पेशंटच्या नातेवाइकांना किती का घाई असेना. तुला घाई मीच केली होती. पण पोट तू शिवलंस."

"हो, बाई."

"मूठ आता मिटायची नाही, म्हणतात. जा तू. मला दमल्यासारखं होतंय."

परतताना बसण्णानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "एक विचारतो. रेंच का उचललं नाही?"

"तुझी पूजा होती."

"दोन वर्षांमागं तुम्ही नागपूरला गेला होता, तेव्हा खंडेनवमीलाच अ‍ॅम्ब्युलन्स आली होती. मीच उचललो की तो रेंच. नमस्कार केलो, काम केलो, परत ठेवलो. देव काय म्हणतो त्याला?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला एक फोन तरी करायचं होतं तुम्ही, अण्णा. मी काय म्हणालो असतो, असं वाटलं तुम्हाला?"

जे वाटलं होतं ते त्याच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरबाईंचं खेड्यांत जाणं बंद झालं. त्यांच्या जागी कुणी गेलेलं नाही. तिकडच्या बायका आता एसटीनं हुबळीला येतात, ज्यांना जमतं त्या. माझ्यावर केस झाली नाही. बाईंनी करू दिली नाही. बोल्टांचे आकडे आता भिंतीवर लिहिलेले आहेत आणि आवळणाऱ्याची सही लागते. त्यानं फरक पडतो. पण माझी चूक आकड्याची नव्हती. वीस वर्षं ज्याच्याबरोबर एका डब्यातून जेवलो, त्याच्या मनात काय असेल ते मीच ठरवून टाकलं आणि त्याला विचारलं नाही.