चार खोल्या आणि एक हापसा

घरमालक किरायादाराचं आडनाव विचारतो, अशी जगाची रीत आहे. आमच्याकडं उलटं होतं. किरायादार यायचा, खोली बघायचा, खिडकी उघडून वारं येतं का पाहायचा, फरशीवर पाय घासायचा, छताचे पत्रे तापतात का विचारायचा. सगळं पसंत पडायचं. मग बाहेर येऊन चप्पल पायात सरकवता सरकवता तो आमच्या ह्यांना विचारायचा, “साहेब, आपलं आडनाव काय म्हणालात?”

हे सांगायचे. आहे ते, सरळ.

“बरं बरं,” समोरचा म्हणायचा, “घरी विचारून सांगतो.”

घरी विचारायला गेलेली ती माणसं काही परत यायची नाहीत. इतकी वर्षं झाली, अजूनही कुणी कशाबद्दल “घरी विचारून सांगतो” म्हटलं की माझं डोकं फिरतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. आज ही कचेरी उघडली, उद्या ती, असं चाललं होतं. उस्मानाबादहून, नांदेडहून, कुठून कुठून कारकून, शिपाई, मास्तर बदलून येत होते आणि बायकापोरं घेऊन खोलीसाठी वणवण फिरत होते. ह्यांचीही बदली तेव्हाच नांदेडहून लातूरला झाली. पाटबंधारे खात्यात कारकून होते. मुदखेडची वाट्याला आलेली कोरडवाहू जमीन विकून आणि पतपेढीचं कर्ज उचलून आम्ही औसा रोडला, गाव संपतं तिथं, एक प्लॉट घेतला. पुढं आमच्या दोन खोल्या, मागं किरायानं द्यायला एका ओळीत चार, आणि मधल्या अंगणात बोअर मारून हापसा. बोअरला पाणी लागलं त्या दिवशी मी अख्ख्या आळीला गूळ वाटला.

कल्पना माझीच होती, हेही सांगते. माझ्या माहेरी आणि सासरी किराया भरणारे ढिगानं झाले, घेणारं कुणी झालं नव्हतं. मला भारी हौस होती. पहिल्या तारखेला कुणीतरी येईल, दाराशी उभं राहील, “मालकीणबाई, हा किराया” म्हणेल. कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर कापला जायचा आणि उरलेल्यात पंधरा दिवस कसेबसे निघायचे. पुढचे पंधरा दिवस त्या चार खोल्यांनी चालवायचे होते. खोल्या भरल्या तर घर राहणार होतं, नाहीतर नाही. इतकं ते साधं होतं.

आणि खोल्या भरेनात. सगळ्या लातुरात खोली मिळत नव्हती आणि आमच्या चार खोल्यांत कोळी जाळी विणत होते.

कोपऱ्यावर एक पानटपरीवाला होता. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मनानं चांगला माणूस. किरायादार तोच पाठवायचा. सगळे घरी विचारायला गेलेले बघून त्याचाच जीव तुटला. एकदा घरी आला आणि ह्यांना म्हणाला, “साहेब, दारावरच्या पाटीवर नुस्तं मुदखेडकर लिवा की. गावाचंच नाव हाय, त्यात खोटं काय? आन् बैठकीतली ती निळ्या कोटाची तसबीर जरा आतल्या खोलीत लावा. अंदरच तर लावायची हाय, काढायची थोडीच? आठ दिवसांत खोल्या भरतेत का न्हाई बगा.”

हे हसले. “आन् किरायाची पावती कोणाच्या नावानं फाडू? मुदखेडकरच्या?”

टपरीवाला गेल्यावर मी ह्यांच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, “पाटी काय चाटायची हाय? घरात पीठ न्हाई आन् तुम्हाला ताठा सुचून राहिला.” पाटी तशीच राहिली, तसबीरही तिथंच राहिली. मी मात्र आठवडाभर ह्यांना धड वाढलं नाही.

मग पावसानं दगा दिला. पहिल्या वर्षी हातचं राखून पडला, दुसऱ्या वर्षी फिरकलाच नाही. नळ आठवड्यानं यायचा, मग तोही नेम राहिला नाही. आळीतल्या विहिरी तळाला गेल्या, शेजाऱ्यांचे बोअर एकामागून एक कोरडे पडले. आमचा हापसा तेवढा पाणी देत राहिला. कसा ते देवाला ठाऊक, म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण तोंडात तेच येतं.

आणि मग गंमत झाली. आठवडाभरात आमच्या चारही खोल्या किरायानं गेल्या. तहसील कचेरीतला एक कारकून दोन वर्षांपूर्वी खोली पसंत करून घरी विचारायला गेला होता. तोच परत आला. ओळखीचं हसला, अंगणातल्या हापशाकडं बघितलं, दोनदा दांडा मारून पाण्याची धार बघितली आणि तिथंच आगाऊ किराया काढून दिला. आडनाव विचारलं नाही. त्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, “बघा, पाण्याला आडनाव नसतं.” आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन गव्हाची खीर केली.

कारकुनाबरोबर त्याची बायको आणि म्हातारी आई आली. दुसऱ्या दिवशी त्याची बायको पाण्याला आली. एका हातात रिकामी बिंदगी, आमच्याकडं मोठ्या घागरीला म्हणतात ती, आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या. पाणी न्यायला येताना ही पाणी कशाला आणते, मला कळेना. तिनं तांब्या दांड्यावर ओतला, हातानं दांडा चोळला आणि मग हापसायला लागली. मला वाटलं, धूळ असेल. तेवढ्यात माझी आठ वर्षांची पोरगी आपली कळशी भरून गेली. ती बाई दुसऱ्या खेपेला आली ते पुन्हा तांब्या घेऊनच. पुन्हा दांडा धुतला. म्हातारी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात माळ ओढत बसली होती आणि तिचं सगळं लक्ष दांड्यावर होतं. घरी विचारून सांगतो म्हणजे कुणाला विचारून, ते मला त्या दिवशी कळलं.

बाकीच्या तीन खोल्यांतल्या बायकांनी दोन-चार दिवस नुसतं बघितलं, मग त्याही तांब्या आणायला लागल्या. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, दुसरं काय!

मला राग आला नाही असं कसं म्हणू? जाळ झाला अंगाचा. पण त्याहून जास्त भीती वाटली. हापसा जड व्हायला लागला होता. आधी चार दांड्यांत येणारं पाणी आता हापसून हापसून खांदे भरून आले तरी येत नव्हतं. मधेच नुसती हवा फुसफुसायची. आणि तशात आमच्या हाताचा विटाळ धुवायला तांब्यामागून तांब्या मातीत जात होता. पाणी संपलं की किरायादार जाणार, किरायादार गेले की घर जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढं तो तांब्याच यायचा.

एकदा धीर करून कारकुनाच्या बायकोला म्हटलं, “वैनी, एवढं पाणी वाया जाऊन राहिलं, जरा बघा की.”

ती लाल झाली. वाईट नव्हती बिचारी. हळूच म्हणाली, “मला तसलं काही न्हाई हो. पण सासूबाईंचं लई कडक हाय. इथं न्हाई जमलं तर गावाकडं चला म्हणतेत.”

गावाकडं चला म्हणजे खोली रिकामी. आणि ती गेली असती तर तिच्यामागं बाकीच्या गेल्या असत्या. मी दिवसभर विचार केला आणि मला एक युक्ती सुचली. संध्याकाळी तिला जाऊन म्हटलं, “आम्ही दांड्याला हातच लावत न्हाई. तुम्हीच आमच्या घागरी भरून देत जा. मग धुवायचं कामच न्हाई.”

तिचा चेहरा उजळला. माझाही उजळला असेल.

दुसऱ्या दिवसापासून तसं सुरू झालं. दुपारी, हे कचेरीत गेल्यावर, मी आणि माझी पोरगी आमच्याच अंगणात, आमच्याच हापशापासून चार हात लांब, रिकामी भांडी घेऊन उभ्या राहायचो. त्या बायकांचं भरून झालं की त्यातली एखादी आमच्या कळशीत वरून पाणी सोडायची, भांड्याला भांडं न लावता. एक थेंब वाया जात नव्हता. पोरीनं पहिल्या दिवशी विचारलं, “आई, हापसा आपला हाय ना?” मी म्हटलं, “हाव, आपलाच हाय. गप उभी राहा.”

माझ्या लहानपणी माझी आई गावच्या विहिरीपासून लांब अशीच उभी राहायची. कुणाला दया आली तर तो ओतायचा, नाही आली तर ऊन उतरेपर्यंत उभं राहायचं. दीक्षा घेतल्यावर ती त्या विहिरीकडं पुन्हा गेली नाही. कोसभर लांब ओढ्याच्या वाळूत झरा उकरून पाणी आणलं, पण कुणापुढं भांडं धरलं नाही. ही गोष्ट मला तेव्हा आठवली नाही असं नाही. आठवली, आणि मी ती बाजूला सारली. खोल्या भरलेल्या होत्या.

ह्यांना यातलं काही माहीत नव्हतं. एक दिवस ताप भरला म्हणून हे दुपारीच घरी आले. अंगणात येऊन थबकले. कारकुनाची बायको हापसत होती, उंबऱ्यात म्हातारी होती, आणि आमची पोरगी भिंतीला टेकून, कळशी पोटाशी धरून उभी होती.

“पोरगी तिथं का उभी हाय?” ह्यांनी विचारलं.

ह्यांना ते नवं थोडंच होतं? एका नजरेत कळलं. पुढं झाले, तापलेल्या अंगानं दांडा धरला आणि हापसायला लागले. ती बाई आपोआप मागं सरली. अर्धी राहिलेली तिची बिंदगी ह्यांनी काठोकाठ भरून दिली.

उंबऱ्यातून आवाज आला, “ओत ते.”

बाईनं सासूकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते, हे मी बघितलं. पण तिनं बिंदगी उचलली आणि दगडावर पालथी केली. त्या दुष्काळात, भरलेली बिंदगी.

आमची पोरगी धावली. दगडाच्या कडेवरून पाणी खाली गळत होतं तिथं तिनं कळशी लावली आणि गळेल तेवढं पाणी धरायला लागली, दुसऱ्या हातानं दगडावरचं कळशीकडं ओढत.

हे माझ्याकडं वळले. “कवापासून?”

“पाणी वाचावं म्हणून केलं,” मी म्हटलं. “घर वाचावं म्हणून.”

“कोणाचं घर?” ह्यांनी विचारलं.

ह्यांनी पाणी बंद केलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं एवढंच म्हणाले, “पाणी कुणाचं तोडायचं न्हाई. पण इथून पुढं दांडा आम्ही हापसणार. ज्याला चालंल त्यानं भरावं.” महिन्याभरात चारही खोल्यांना कुलपं लागली. कारकून जाताना म्हणाला, “साहेब, माझं काही न्हाई, पण घरचे ऐकून न्हाई राहिले.” चैत्र लागला आणि हापसाही आटला, तेव्हा ते तांबे वाचवून मी जे काही मिळवलं होतं तेही संपलं. बोअर खोल करायला हातात काही नव्हतं. खोल्यांचा किराया नाही, पगारातून हप्ता जायचा, वाण्याकडं तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मी कितीतरी दिवस रिकाम्या खोल्या झाडत राहिले. कोण येणार होतं?

घर औशाच्या एका आडत्याला विकलं, पडेल भावात. त्यानं आडनाव विचारलं नाही, घरीही विचारलं नाही. हे बदली मागून परत नांदेडला आले. सरकारी क्वार्टर मिळालं, एक खोली आणि ओटा, अंगणात सगळ्यांत मिळून एक नळ. नांदेडला गोदावरीचं पाणी, नळ रोज यायचा.

पहिल्या सकाळी मी पोरीला कळशी देऊन नळावर पाठवलं आणि चूल पेटवत बसले. बराच वेळ झाला तरी ती येईना, म्हणून दारात जाऊन बघितलं. नळाला चांगली धार होती. नळावर कुणीच नव्हतं. माझी पोरगी चार हात लांब, भिंतीला टेकून, कळशी पोटाशी धरून उभी होती.

“अगं, भर की!” मी ओरडले.

“कुणी तरी येऊ दे की आई,” ती म्हणाली.