फुलसावंगी ते यवतमाळ, बिनमिठाची शिदोरी

एका सकाळी कुसुमच्या पापण्या सुजून उघडेनाशा झाल्या, तेव्हा तिला यवतमाळला दाखवायचं ठरलं. कुसुम माझी मुलगी, नऊ वर्षांची. मूत्रपिंडाचा आजार. गावच्या डॉक्टरांनी पाच महिन्यांपासून तिचं मीठ बंद केलं होतं. तिला एकटं वाटू नये म्हणून तिची आई सगळ्यांचंच अळणी शिजवी.

फुलसावंगीहून महागावपर्यंत बैलगाडी, पुढे एसटी. पहाटे निघालात तरच सकाळची गाडी सापडते. धूळ फार, जवळ ओलं फडकं ठेवा. कुसुम वाटभर माझ्या उपरण्यात तोंड लपवून बसली. शाळेत पोरी तिला भोपळा म्हणत. तिनं शाळा सोडली, मग बोलणंही.

आम्ही धर्मशाळेत उतरलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला दाराशी नेलं. "आता फारसं काही करता येणार नाही, गुरुजी. पोरीचं मन मोडू नका. मागेल ते खाऊ द्या."

शेवटचं वाक्य कुसुमनं ऐकलं.

परतताना आर्णीला गाडी अर्धा तास थांबली. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या मुसलमान बाईंनी गरम भज्यांची पुडी पुढे केली.

"काहून बेटी, तोंड लपवून राह्यली? घे."

"बाबा, एकच."

"नाही. मीठ आहे त्यात."

"डॉक्टर तं हो म्हणले."

"देऊन टाका ना भाऊ, एका भज्यानं काय होते?"

मी मान हलवली. कुसुमनं उपरणं खाली घेतलं. "राहू द्या खाला. भोपळ्याले कायले पाह्यजे मीठ?"

बाई हसल्या. मीही हसलो. ती हसली नाही.

डॉक्टरांचं म्हणणं मला कळलं होतं. ते मानलं असतं तर पोर जाणार हेही मानावं लागलं असतं. म्हणून पथ्य धरून बसलो.

महिन्याच्या आत ती गेली. शेजाऱ्यांनी रिवाजाप्रमाणे कडू घास आणला, पिठलं-भाकर. पहिल्याच घासाला मीठ लागलं. तिची आई म्हणाली, "आलं वाटते घरात मीठ." आणि ताटावरून उठली.

आजारी मूल घेऊन कुणी या रस्त्यानं जाणार असेल, तर यवतमाळच्या धर्मशाळेत जागा मिळते. आर्णीला गाडी अर्धा तास थांबते. समोरच भजी तळतात. मुलानं मागितली तर घेऊन द्या.