तायडे सर कोणाच्या बाजूचे होते?

तायडे सरांना आमच्या ग्रुपमधून मी काढलं होतं.

आज सकाळी सर गेले.

बुलढाण्याच्या कॉलेजात ते आम्हाला इतिहास शिकवायचे, वादविवाद स्पर्धेची तयारी करून घ्यायचे.

एकदा चिखलीला स्पर्धा होती. विषय इस्रायल-पॅलेस्टाईन. मी पॅलेस्टाईनच्या बाजूनं असा काही बोललो की टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस!

बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "तो मेलेल्यांचा आकडा कुठून आणला बे?"

"मनानंच सांगितला, सर."

"मेलेले कमी सांगू नाही, जास्त बी सांगू नाही. चाल, ट्रॉफी वापस दे."

दिली. परतीच्या एसटीत मी मुद्दाम त्यांच्यापासून लांब, मागच्या सीटवर जाऊन बसलो.

मग गाझाचं युद्ध पेटलं, आणि आमचा माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुपही.

सर प्रत्येक व्हिडिओखाली विचारायचे, "हा कधीचा हाय? कुठला हाय?"

इस्रायलमधून ओलीस नेलेल्यांबद्दल लिहायचे. बॉम्बखाली गेलेल्या गाझातल्या लेकरांबद्दलही लिहायचे.

विनोद म्हणाला, "सर, अतिरेक्यांचा एवढा पुळका?"

वैशाली म्हणाली, "सर, इतकी लेकरं मरत असताना तटस्थ कसे राहता?"

सरांनी तिला लिहिलं, "तटस्थ नाही वं पोरी. जिकडे जास्त मेले तिकडे जास्तच म्हणीन. पण जे झालं ते सगळं म्हणीन."

दोघंही भडकले.

एकानं तर सरांना शिवी दिली. सत्तरीच्या माणसाला.

मी ॲडमिन. शिवी देणाऱ्याला काढायचं सोडून मी सरांना काढलं. वाटलं, भांडण मिटेल.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन.

"काऊन बाबू, मी काही खोटं लिहिलं का?"

"नाही सर, ॲपमध्येच काहीतरी प्रॉब्लेम आहे."

"बरं. मंग ठीक हाय."

त्यांना कळलं होतं. पुन्हा कधी विचारलं नाही. मीही परत घेतलं नाही.

आज ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली.

विनोदनं लिहिलं, "सर मनातून आपल्याच बाजूचे होते."

वैशालीनं लिहिलं, "साफ खोटं. सर आमच्या बाजूचे होते."

तासाभरात परत तेच. तेच व्हिडिओ, त्याच शिव्या.

सरांना अजून घरातून उचललंही नव्हतं.

सर खरं काय म्हणायचे, ते मी दोन ओळींत टाइप केलं. खोडलं. आजही हिंमत झाली नाही.

माफी मागायला तोंड नाही, सर.

शेवटचा नमस्कार.