वीतभर कॅनडा

कोरीट गावातल्या आमच्या गल्लीतले मास्तर संध्याकाळी फुकटच्या सॉफ्टवेअरवर जगाचे नकाशे बदलत बसतात. सपाट नकाशाचा गोल करतात, गोलाचा पुन्हा सपाट, आणि दरवेळी पुटपुटतात, "आते कोरीट कोठे शे?" मला हा निव्वळ रिकामा उद्योग वाटायचा.

एकदा शेजारच्या मावशींनी मास्तरांच्या भिंतीवरचा नकाशा पाहिला. त्यांची लेक राहते तो कॅनडा पार डाव्या टोकाला होता.

"मन्ही पोर इतली लांब शे?"

"मावशी, तुन्हा हात आठे पसार."

मास्तरांनी पट्टीने त्यांची वीत मोजली. मग कोरीट मध्यभागी येईल असा नकाशा नव्याने मांडून त्या मापाने छापला. मावशींनी अंगठा कोरीटवर ठेवला, तर करंगळी बरोबर लेकीच्या शहरावर टेकली.

मास्तर तेव्हा मुद्दाम स्क्रीनकडे बघत होते.