पहिल्या नंबराची हिरोईन

लातूरच्या आमच्या क्लासमध्ये सगळं नंबरावर चालायचं. दर रविवारी टेस्ट, सोमवारी यादी, आणि यादीप्रमाणे बाक. मेसची मावशीसुद्धा पोळी वाढताना विचारायची, "कितवी आलीस गं?" त्यामुळे संमेलनातल्या नाटकाच्या भूमिकाही क्लासच्या मालकांनी टेस्टच्या यादीवरूनच वाटल्या, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. होस्टेलवरच्या आम्ही अकरा मुली. मी पहिली, म्हणून मी हिरोईन. आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला ते अगदी रास्त वाटलं होतं.

नाटक म्हणजे एका जुन्या अमेरिकन सिनेमाचं मराठी. आमचं इंग्रजी सुधारावं म्हणून इंग्रजीच्या सरांनी कुठूनशी कॅसेट पैदा केली होती. इंग्रजी काही सुधारलं नाही, सिनेमा मात्र आम्हाला पाठ झाला. लहानसं गाव, एक गिरणी, एक औषधाचं दुकान, एक स्टेशन, आणि प्रत्येकाला प्रत्येकाच्या घरातलं माहीत. मी म्हटलं, "अगं, हे तर आमच्या अर्धापूरशेजारचं मुदखेडच की!" गिरणीत अपघात होतो, हिरोईनचा भाऊ जातो आणि अंगणात तिला ते कळतं. हिरोईन अशी देखणी, की दिवसभर गिरणीत राबून कपाळावर घामाचा थेंब नाही. आम्ही सगळ्या तिच्यावर फिदा.

सर मात्र कॅसेट मागं नेऊन म्हणायचे, "तिला काय बघताय? तिच्या मागं बघा." मागं एक जाडजूड शेजारीण उभी. अख्ख्या सिनेमात तिला चार वाक्यं. बातमी आल्यावर हिरोईन हंबरडा फोडते, आणि ही दोरीवरचे वाळलेले कपडे काढते. एकेक घडी घालते. "ह्याला काम म्हणतात, पोरींनो," सर म्हणायचे. आम्ही एकमेकींकडं बघून फिदीफिदी हसायचो. कपडे काढण्यात कसली आलीय ॲक्टिंग?

शेजारणीचं काम अर्थातच अकराव्या नंबराला गेलं. ती औशाकडची, भूकंपात पडलेल्या गावातली. माझ्या शेजारच्याच कॉटवर असायची. बोलणं मोजकंच. एका दुपारी गच्चीवर आम्ही दोघी कपडे काढत होतो, तेव्हा ती एकदम म्हणाली, "तुझं काम मला करू दे की गं."

"का म्हणून?"

"माझा भाऊ गेला भूकंपात. सहा वर्सं झाली, मी अजून रडले न्हाई. मी रडले की आई सुरू होती, आईचं बघून आजी. मग आत्यानं ताकीदच दिली, पोरी, तू रडायचं न्हाई म्हनून. नाटकात रडलं तर कुनी काय म्हनंल?"

हो म्हणायला हवं होतं. माणूस असते तर म्हटलं असतं. पण मी अर्धापूरला अण्णांना पत्र टाकून बसले होते, तुमची लेक हिरोईन आहे, नक्की या. शिवाय माझं डोकं जात्याच तापट. मी फणकारले, "मग आण की पहिला नंबर!"

"हाव, ते बी खरंच हाय," ती म्हणाली. आणि माझ्याही कपड्यांच्या घड्या घालून माझ्या कॉटवर ठेवून गेली. तेव्हा तरी मला काही वाटावं? छे!

संमेलनाच्या दुपारी अण्णा पहिल्या रांगेत येऊन बसले, मांडीवर केळ्यांची पिशवी. माझा सीन आला. "दादा रे!" म्हणून मी असा काही टाहो फोडला, की मागची पोरं खो-खो हसायला लागली. माझे कान तापले. पुढचं वाक्यच आठवेना.

माझ्या मागं शेजारीण झालेल्या तिनं नेमून दिल्याप्रमाणे दोरीवरचा पहिला शर्ट काढला. तो मेसच्या मावशीच्या धाकट्याचा, कुणीतरी असाच मागून आणून टांगलेला. तिनं एक बाही आत घेतली. दुसरी घेतली. मग शर्ट नुसताच बघत राहिली आणि मटकन खाली बसली. छातीशी शर्ट धरून ती जे रडली ना! हसणारी पोरं गप्प झाली. सर विंगेत चष्मा पुसत उभे होते. आणि मी? मला राग आला होता. खोटं कशाला सांगू, माझा सीन खाल्ला हिनं, एवढंच माझ्या डोक्यात. पण तिचं रडं थांबेना, पडदाही पडेना. शेवटी मी तिचा हात धरला आणि शेजारणीच्या वाट्याचं, तिचंच वाक्य म्हटलं, "चल घरी."

बक्षीस मला मिळालं. प्रमाणपत्रं आधीच लिहून तयार होती, तीही यादीप्रमाणे. अण्णा जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ब्येस केलंस बाळा. पर ती दुसरी पोरगी कुनाची?" केळ्यांची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाले, "तिलाबी दे."

खोलीत ती तोंड धुऊन कॉटवर बसली होती. मी प्रमाणपत्र पुढं केलं. "हे तुझं हाय."

"ठिव तुलाच. मला काय करायचंय?" तिनं पिशवीतलं एक केळं घेतलं, सोलता सोलता थांबली आणि विचारलं, "संमेलन पुन्ना कधी असतंय गं?"

बारावीचं आमचं ते शेवटचं संमेलन. तिलाही ते ठाऊक होतं. मी उठले, दाराला कडी लावली.

"आत्ताच हाय," मी म्हटलं. "रड तू. मी बसते हितंच."

आणि दोघींचे वाळलेले कपडे पुढ्यात घेऊन मी घड्या घालायला लागले.