सगळ्यांच्या फोल्डरमध्ये माझ्या बहिणीचा रिपोर्ट

मैत्रिणींनो, घरच्या माणसाचे रिपोर्ट कुठल्या कार्यालयात देणार असाल, तर आधी हे वाचा.

आज धाकट्या बहिणीला, कुमुदला, घेऊन जठारपेठेतल्या एका विमा कार्यालयात गेले. क्लेमच्या फॉर्मवर तिची सही लागत होती. तिच्या छातीतली गाठ कॅन्सरची आहे, हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. तिला बाकावर बसवून रिपोर्टचं बंद पाकीट मी क्लार्कच्या हातात दिलं. त्याने पाकीट फोडून झेरॉक्स मशीनवर रिपोर्ट स्कॅन केला.

मिनिटभरात कोपऱ्यातल्या टेबलावर कॉम्प्युटरसमोर बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "कुमुदताई कोन हाय? कॅन्सर डाव्या बाजूचा हाय का उजव्या?"

"मी कुमुद," बहीण म्हणाली.

मी क्लार्कवर उखडले. "त्यांच्याकडे कसा गेला रिपोर्ट?"

"स्कॅन कॉमन फोल्डरमंदी जाते, मॅडम. त्याले पासवर्ड टाकला तं मशीन अडते, म्हणून इंजिनिअरनं सगळ्यांसाठी उघडं करून देल्लं."

"मग दारावरच चिकटवा की! रस्त्यावरच्यांनीही वाचू दे."

त्याने मला पाणी पुढे केलं. कुमुदला कोणी विचारलंही नाही.

रिक्षात ती एवढंच बोलली, "ताई, तुले मालूम होतं?"

तक्रार मी उद्या करणारच आहे. पण तिला काय सांगू? तुम्ही माझ्या जागी असता तर आधीच सांगितलं असतं का?