वेल्माचं पहिलं गिऱ्हाईक

वेल्मा ओस्टरमन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. घरं विकायचं लायसन्स तिने काढलं ते फक्त एक घर घ्यायला. पेलाभर दुधासाठी म्हैस पाळण्यातलाच प्रकार. पण हिशेब चुकीचा नव्हता. आमच्या टोलेडो शहरात घर घेणाऱ्याच्या एजंटचं कमिशन सहसा विकणाराच देतो. घेणारी आपण, एजंटही आपणच, म्हणजे ते आपल्याच पदरात. बँकेचं कर्ज मिळायला आधी जे पैसे भरावे लागतात, त्यात जेवढे कमी पडत होते, तेवढे यातून भागणार होते. तिची आई तिसऱ्या मजल्यावर राहते, गुडघे गेलेत, हिवाळाभर खाली उतरत नाही. वेल्माला आईसाठी जिना चढावा लागणार नाही असं घर हवं होतं.

नव्या एजंटला ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं. ती ब्रोकर मी, बर्नाडीन. कमिशनमध्ये माझाही वाटा असतो, हे आधीच सांगते. मी काही संत नाही.

वेल्मा माझ्याबरोबर एक घर बघायला आली आणि तिथेच घोळ केला. एजंटने तोंड मख्ख ठेवायचं असतं. ही बया स्वयंपाकघरातली खिडकी बघून ढसाढसा रडली, तेही विकणाऱ्याच्या एजंटसमोर.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अगं, गिऱ्हाईक रडलं तर एक वेळ चालतं. एजंट रडतो का कुठे?"

"दोघी एकाच अंगात आहेत त्याला मी काय करू?"

तरी सौदा ठरला. मग घर तपासणारा ड्वेन तळघरातून वर आला. म्हणाला, "एक भिंत आत फुगलीय. आज पडणार नाही, पण पडेल."

विकणारा दुरुस्ती करेना, किंमतही उतरवेना. कशाला उतरवेल? त्याच्या एजंटने हिला रडताना पाहिलं होतं ना. सौद्यातून शुक्रवारपर्यंत माघार घेता येत होती. शुक्रवारी दुपारी वेल्मा ऑफिसात आली.

"जुन्या घरांच्या भिंती अशाच असतात. आईची खोलीसुद्धा ठरवून झालीय. मी घेतेय."

माझं डोकंच फिरलं. "ऊठ. माझ्या खुर्चीत बस."

ती बसली. मी समोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, पर्स मांडीवर घेऊन.

"मी वेल्मा ओस्टरमन. म्हातारी आई आहे. होतं नव्हतं ते सगळं या घरात घालतेय. भिंत फुगलीय म्हणतात. घेऊ का?"

"बर्नी, नको ना असं."

"बर्नी कोण? मी तुमच्या भरवशावर आलेय."

तिने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग शाळेतल्या पोरांना पिझ्झा संपला म्हणून सांगते त्या आवाजात म्हणाली, "नका घेऊ, बाई. फार आवडलंय तुम्हाला, दिसतंय मला. पण नका घेऊ."

आणि रडली. या वेळी मी तिला रडू दिलं. तिचं कमिशन गेलं, माझंही गेलं, आणि मला वाईट वाटलं ते दोन्हींचं.

"आईला काय सांगू?"

"सांग, एजंट चांगली मिळाली."

"तिला एजंट नकोय गं. घर हवंय."

मी दोघींसाठी कॉफी ओतली आणि बिनजिन्याची घरं शोधायला बसले.